सुमेधाताईची खोटी पहाट

डोळे मीट पाहू. घट्ट नको, नुसत्या पापण्या टेकव. आता कल्पना कर, की तुझा पलंग चौथ्या मजल्यावर खिडकीला लागून आहे. मे महिना आहे, खिडकी उघडी आहे. बाहेर इतका अंधार आहे, की आकाश कुठे संपतं आणि झाडं कुठे सुरू होतात ते कळत नाही. खिडकीतून सोनचाफ्याचा वास येतो आहे, गोड आणि थोडासा जड. खाली वाडीत उजेडाचे ठिपके फिरताहेत. झाडात शिरतात, वर चढतात, हळूच खाली उतरतात. चांदण्याच वाटतील, पण चांदण्यांना खोकला येत नाही. ही माणसं आहेत. कपाळाला बॅटरी बांधून ती फुलं तोडताहेत.

दिसलं सगळं? मग डोळे उघड. ही खोली अनुष्काची आणि तिच्या सुमेधाताईची. वसईत, गिरीजच्या रस्त्याला त्यांची इमारत आहे आणि तिच्या मागेच सालोमी आंटीची सोनचाफ्याची वाडी.

अनुष्का चौथीतून पाचवीत गेलेली. सुमेधाताई बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. सुट्टीत तिने वाडीत काम धरलं होतं. उजाडायच्या आत जायचं, उन्हं यायच्या आत परत. सोनचाफ्याचं फूल सूर्य वर आला की पूर्ण उमलतं आणि मग बाजारापर्यंत टिकत नाही, म्हणून ते अंधारातच खुडावं लागतं. ताईला पगाराची ओढ होतीच, पण त्याहून मोठी ओढ वेगळी होती. सालोमी आंटी पाऊस लागला की सोनचाफ्याची कलमं बांधायची. तिने सांगितलं होतं, "सगळा मे नीट आलीस, तर कलम बांधायला शिकवीन. एरवी माझी सुरी मी कोणाच्या हातात देत नाही." ताईला पुढे झाडांचंच शिकायचं होतं. त्या दिवसापासून ती घरात काकडी कापतानासुद्धा कलमाच्या फांदीसारखी तिरकी कापायची.

आईने एकच अट घातली होती. "काम तुझं, तर उठणंही तुझं. तुला कोणी उठवायचं नाही. अनू, तूसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," अनुष्का म्हणाली होती.

पहिला आठवडा हौसेत गेला. मग ती खोटी पहाट सुरू झाली.

गजर वाजायचा. ताई स्पष्ट आवाजात "उठले" म्हणायची, गजर बंद करायची आणि झोपेतच उठायची. म्हणजे कशी? तर स्वप्नात. स्वप्नातच दात घासायची, ओढणी कमरेला बांधायची, जिना उतरायची. वाडीचं फाटक कुरकुरायचं. टोपली हळूहळू भरायची. आणि मग चेहऱ्यावर ऊन पडायचं, ते मात्र खरं असायचं.

"अगं आई, मी गेले होते!" ती रडवेली होऊन सांगायची. "अर्धी टोपली भरली होती!"

"मग पगारही स्वप्नातच घे," बाबा चहाच्या कपाआडून म्हणायचे.

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा झालं त्या संध्याकाळी ताई माफी मागायला वाडीत निघाली. एकटीला धीर होईना, म्हणून अनुष्काला बरोबर घेतलं.

सालोमी आंटी झाडांमधून मान वर करून हिंडत होती. पहिल्या वेळचं स्वप्न ताईने तिला सांगितलंच होतं. ताईला पाहून ती थांबली नाही, फक्त म्हणाली, "काय बाय, आजची फुलं कुठं विकलीस? भाव बरा मिळाला का स्वप्नात?"

ताईची मान खाली गेली. "आंटी, उद्या नक्की येते."

"उद्या ये. उद्या नाही आलीस तर मी तुझ्या जागी त्या विनयाला घेणार. ती पोरगी कधीची या कामासाठी मागे लागलीय. मला राग नाही गो, पण फूल कोणासाठी थांबतं का?"

ताई चपलेने माती उकरू लागली. अनुष्काला मात्र राहवेना. "आंटी, फुलं तर पहाटे तोडता ना? मग आत्ता काय बघता?"

"पहाटे बघून काय होणार? अंधार असतो." आंटीने एक फांदी वाकवून खाली आणली. "ही कळी बघ. वरचं हिरवं टोपण गळलंय. ही पहाटे तयार. आता ही दुसरी. टोपण तसंच आहे. हिच्यापाशी पहाटे कितीही उभी राहा, बॅटरी मार, हात जोड, ती काही व्हायची नाही. सकाळ व्हायला संध्याकाळपासून लागावं लागतं, बाय."

आंटी पुढच्या झाडाकडे गेली. अनुष्का त्या दोन कळ्यांकडे बघत राहिली. घरी येताना ती इतकी गप्प होती, की ताईने दोनदा विचारलं, "पोट दुखतंय का?"

पोट दुखत नव्हतं. ती ताईच्या संध्याकाळी आठवत होती. जेवण उशिरा. मग दिवाणखान्यात टीव्ही. मग पलंगावर पडून फोन, आणि त्या निळ्या उजेडात ताईचे टक्क उघडे डोळे. अनुष्काला मध्येच जाग यायची, तेव्हाही ते उघडेच असायचे. ताईचं टोपण गळायला वेळच कुठे मिळत होता?

आईने उठवू नकोस म्हटलं होतं. झोपवू नकोस असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"आई, भूक लागली," घरात पाऊल टाकताच तिने सुरू केलं. "आत्ताच लागली. सगळ्यांनाच लागलीय." जेवणं लवकर झाली. बाबांनी टीव्हीचा रिमोट हातात घेतला, तर ती म्हणाली, "बाबा, आज टीव्हीला सुट्टी." बाबांनी भुवया उंचावल्या, पण रिमोट खाली ठेवला.

खोलीतला दिवा तिनेच मालवला. ताईने फोन उचलला, तशी ती कुशीवर वळली. "ताई, मला वाडीत जायचा रस्ता सांग ना."

"रोज तर बघतेस खिडकीतून."

"वरून नको. आतून सांग. हळू सांग, मला चालता आलं पाहिजे."

ताई हसली. फोन बाजूला ठेवला. "फाटक उघडायचं. कुरकुरतं ते. मग डावीकडे केळी..."

"केळी कशा आहेत?"

"ओल्या. दव असतं पानांवर. खांद्याला लागलं की गार वाटतं. मग पायाखाली मऊ माती... मग बावखल. म्हणजे वाडीतलं तळं गं, पावसाचं पाणी साठवलेलं. त्याच्या काठाने..."

"काठाने काय?"

"...बेडूक असतो एक. आपण आलो की तो..."

तो काय करतो, हे काही कळलं नाही. ताई बावखलाच्या काठावरच झोपून गेली. बाहेर अजून रिक्षांचे आवाज येत होते.

आता अनुष्काला झोप येईना. ती डुलक्या घेत राहिली आणि प्रत्येक डुलकीत तिला हिरवी टोपणं दिसत राहिली, एकेक करून गळणारी, आवाज न करता.

मग गजर वाजला.

"उठले," ताई म्हणाली. हात बाहेर आला, गजर बंद झाला, हात परत पांघरुणात गेला.

अनुष्का उठून बसली. ताईचा खांदा तिच्यापासून वीतभर लांब होता. एक बोट लावलं असतं तरी पुरलं असतं. पण आईला शब्द दिला होता. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि अंधारात ताईकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. खाली फाटक कुरकुरलं. खरंखुरं.

ताईने डोळे उघडले. छताकडे पाहिलं. मग एकदम उठून बसली आणि स्वतःच्या गालाला चिमटा काढला.

"हे खरं आहे ना?" ती कुजबुजली.

अनुष्काने जोरजोरात मान हलवली. बोलायचं तिने टाळलं, उगाच अट मोडायला नको.

ताईने दात घासले, ओढणी बांधली, चपला हातात घेतल्या. दार हलकेच लागलं.

त्या आवाजाने आई खोलीत आली. केस सुटलेले, डोळे चुरचुरणारे. "अनू! तू उठवलंस तिला?"

"बोटसुद्धा नाही लावलं, आई."

"मग कशी उठली?"

"मी तिला झोपवलं होतं."

आई दारातच उभी राहिली. जरा वेळाने तिला ते कळलं असावं, कारण ती हसली आणि मग तिला मोठी जांभई आली. घरात सगळ्यांच्या नंतर झोपणारी तीच होती.

अनुष्का पलंगावरून उतरली. आईचा हात धरून तिने तिला ताईच्या अजून उबदार जागेवर आडवं केलं, पायावर चादर ओढली आणि तिच्या कानाशी वाकून हळूच सांगू लागली, "आधी फाटक उघडायचं हं, आई..."