न चाचपायची गाठ

गाठ मारणाऱ्यावर विश्वास नसेल तर झाडावर चढूच नये, असं अप्पा म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचा धंदा झाडं छाटायचा. ते खालून दोर सांभाळणार, मी करवत घेऊन वर. त्यांनी मारलेली गाठ चढणाऱ्याने चाचपायची नाही. चाचपली की अपमान.

आमचं पोट दोराच्या दोन कड्यांच्या गाठीवर. एक कडं मांड्यांखाली, दुसरं पाठीशी, की वर खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. ओंडका उतरवायचा तर तीच दोन कडी त्याच्या दोन टोकांना, म्हणजे तो तिरपा होऊन कुणाच्या छपरावर आपटत नाही.

त्या सकाळी दवाखान्यामागचं झाड होतं. कड्यात पाय घालताना माझी नजर गाठीवर गेली. दुमडलेलं टोक वर काढलेलं होतं, पण ते उघडून दोन्ही कड्यांखालून घ्यायचं आणि मागून गाठीच्या मानेवर बसवायचं, तेवढंच राहिलं होतं. टोक कुत्र्याच्या जिभेसारखं लोंबत होतं. मी ओढलं. गाठ माझ्या हातात सुटली.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"अप्पा, हे काय आहे?"

"हात कशाला लावलास?"

"नसता लावला तर आत्ता याच दवाखान्यात उचलून नेलं असतं मला!"

"राहिलं असेल चुकून. आण इकडे."

त्यांनी दोर घेतला. पूर्वी रस्त्याने जाणाऱ्याशी गप्पा मारत गाठ मारणारा हा माणूस आता प्रत्येक वेढ्याकडे डोळे फाडून बघत होता. दोर चिमटीतून निसटला, तरी बोटं रिकामीच वळत राहिली.

"बोटांना काही कळतंय का तुमच्या?"

त्यांनी दोर पुन्हा चिमटीत धरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"मी विचारतेय, अप्पा."

"आधी मुंग्या यायच्या. आता काहीच कळत नाही."

"कधीपासून?"

त्यांनी मान वळवून पाण्याच्या टाकीजवळच्या झाडाकडे पाहिलं. ते आम्ही उन्हाळ्यात छाटलं होतं. त्याच्या शेंड्याला मी दिवसभर लोंबकळत होते, गाणं म्हणत. त्यानंतर कितीतरी झाडं झाली.

"आईला माहीत आहे?"

"तीच माझी बटणं लावते."

म्हणजे घरात बटणांची काळजी होती, माझी नव्हती! आपली लाज राखायला हा बाप माझ्या जिवावर उदार झाला होता. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

मी दोर हिसकावला, गाठ मारली, टोक पार मागे नेऊन मानेवर बसवलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "तपासा."

"मी कशाला..."

"तपासा म्हणते ना!"

त्यांनी वाकून बराच वेळ बघितलं. मान हलवली. मी चढले. पहिल्या फांदीवर पोचले तेव्हा खालून आवाज आला, "सांभाळून गं पोरी."

जन्मात कधी म्हणाले नव्हते.

"आता म्हणता?" मी एवढ्या जोरात ओरडले की दवाखान्यातले पेशंट खिडकीशी आले. "आता म्हणता, अप्पा?"