फ्लीसची गुंडाळी

लोकांचे कपडे धुण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिनं स्वतःच्या घरी खिसे न तपासता मशीन लावावी, याला काय म्हणायचं? लॉन्ड्रीत मामीचा दरारा होता. लोकांच्या खिशांतून तिनं चाव्या, पेनं, एकदा तर कुणाची कवळी काढली होती. पण गिनी पिगच्या अंथरुणाला खिसा असतो, हे कुणाच्या ध्यानात राहतंय.

भाची राहायला आली ती दोन गिनी पिग घेऊनच. तिची आई लांबच्या हॉस्पिटलात. आधी काही महिने पोर काकाकडे होती, मग इकडे मामाकडे आली. वय नऊ, पण तोंडाला कायम कुलूप. आल्या दिवशी ती काय ती एकदाच सलग बोलली, तेही पिंजऱ्यात फ्लीसचं मऊ कापड अंथरता अंथरता. "खाली जुने टॉवेल, वर फ्लीस. शू खाली जाते, वरचं कोरडं राहतं. धुताना कापड मऊ करायचं वासाचं औषध घालायचं नाही, नाहीतर पाणी वरच साचतं. आणि माझं मी करीन."

मामीनं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. जनावरं दिसायला गोड होती, पण हातात घ्यायची म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. म्हणून ती त्या खोलीत फारशी फिरकायचीच नाही.

पण त्या आठवड्यात पोरीला सर्दी झाली, पिंजरा तसाच राहिला आणि खोलीला वास सुटला. मामी दुपारी लवकर घरी आली होती. मनात म्हणाली, शाळेतून येईस्तोवर सगळं लख्ख करून ठेवू, एकदा तरी हसेल कार्टी. पांढऱ्या कापशीला तिनं सुपलीनं ढकलत ढकलत टबात उतरवलं. तपकिरी मिरी महा लाजाळू, कायम पुठ्ठ्याच्या बोगद्यात बसून असायची. तिला हात कोण लावतंय? मामीनं बोगदाच्या बोगदा उचलला आणि आत न बघता टबात ठेवला. फ्लीसवरचं गवत आणि लेंड्या झाडल्या, टॉवेल, फ्लीस, झोपायची फ्लीसची पिशवी, सगळ्याची गुंडाळी केली, मशीनमध्ये कोंबली, गरम पाण्यावर लावली आणि हात धुतले.

मग काकडी चिरली. कापशी धावत आली. बोगद्यातून कुणी आलं नाही. मामीनं काकडीचा तुकडा बोगद्याच्या तोंडाशी धरला, मग हलवला, मग वाकून आत बघितलं.

आत कुणी नव्हतं.

टब उंच होता, त्यातून बाहेर उडी मारणं मिरीच्या बापाला जमलं नसतं. पिंजरा रिकामा, पलंगाखाली काही नाही. मग ती झोपायची पिशवी आठवली. फ्लीसची, खोल, आत तोंड घालून बसायची. ती पिशवी तिनं स्वतःच्या हातानं गुंडाळीत घातली होती. हाताला जडही लागली होती. जड लागली होती आणि आपण तशीच घातली, हे आठवलं तशी मामी मशीनकडे धावली.

मशीनच्या काचेला ती नाक लावून बसली. फ्लीस तपकिरी, मिरी तपकिरी. फेसातून काहीतरी वर यायचं, वळायचं, खाली जायचं. आणि आतून आवाज येत होता. धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. कपड्याचा आवाज असा नसतो. दिवसभर मशिनींच्या आवाजात वावरणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको.

तिनं बटण बंद केलं, प्लगच उपटला. दार उघडेना. पाणी आत असेपर्यंत ते उघडणार नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी ती ते ओढत राहिली. मग खालची झडप काढून जाळी फिरवली. कढत पाणी भसाभस लादीवर आलं, तिच्या गुडघ्यांवर आलं, दारापर्यंत गेलं. "अगं बाई, अगं बाई," एवढंच ती म्हणत होती. पोरीला काय सांगायचं? आई हॉस्पिटलात, बाप नाही, स्वतःचं म्हणून दोन जीव घेऊन आलेली पोर. त्यातला एक मामीनं धुऊन काढला, असं सांगायचं?

पाणी उतरलं तरी कुलूप सुटायला वेळ लागतो. तेवढा धीर कुणाला होता? तिनं मोठा स्क्रूड्रायव्हर आणला, दाराच्या फटीत घातला आणि सगळं वजन टाकलं. मूठ तुटून हातात आली आणि दार उघडलं.

टॉवेल बाहेर आले. फ्लीस आलं. शेवटी पिशवी आली. तिच्या तळाशी गोळा होता. मामीचा हात आत जाईना. तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि हात घातला.

लाकडाचा ठोकळा. गिनी पिगना दात झिजवायला पोरीनं ठेवलेला, कुरतडून वाकडा झालेला.

मामी ओल्या लादीवर बसून रडली. पण ते रडणंही पुरं होईना, कारण मिरी तरी कुठे होती? खिडकी उघडी होती. खाली रस्ता, रस्त्यावर मांजरं. ती उठून कपाटामागे बॅटरी मारत होती, तेवढ्यात दार वाजलं. भाची आली होती. दप्तर पाठीवर न घेता तिनं पोटाशी धरलं होतं.

पोरीनं पाणी बघितलं, तुटलेली मूठ बघितली, गुडघ्यापर्यंत भिजलेली मामी बघितली.

"मिरी सापडत नाही गं," मामी म्हणाली. "मी पिंजरा साफ करायला गेले. मला वाटलं मशीनमध्ये गेली. तिथे नाही. कुठेच सापडत नाही."

पोर पांढरीफटक पडली. "काकूपण असंच म्हणाली होती," ती म्हणाली. "सापडत नाही म्हणून. माझ्या तीन होत्या. मी शाळेत गेले आणि एक तिनं कुणाला तरी देऊन टाकली."

मग तिनं दप्तराची चेन उघडली. आत फ्लीसच्या तुकड्यात गुरफटून मिरी बसली होती, मिशा हलवत.

मामीचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ अशी तिडीक उठली की हात उगारला जाणारच होता. "एका शब्दानं सांगायला काय झालं होतं तुला? मी इथे मरायची बाकी होते."

"सांगितलं असतं तर नेऊ दिली नसतीस."

"रोज नेतेस?"

"आलटून पालटून. दप्तरात दोघी मावत नाहीत."

"आणि जी घरी राहते तिचं काय?"

पोरीनं मिरीच्या कानामागे बोट फिरवलं. "तिच्यासाठी भीती वाटते," ती म्हणाली. "शाळा सुटेपर्यंत."

मामीचा राग जागच्या जागी जिरला. एका दुपारीत तिचं काय झालं होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं. हे एवढंसं पोर रोज तीच भीती घेऊन वर्गात बसत होतं, हजेरी देत होतं, गणितं सोडवत होतं, आणि घरी येऊन मुकाट जेवत होतं. आपण कुणाला देणार नाही, असं वचन तिच्या ओठांवर आलं. पण काकूनंही ते दिलंच असणार. तिनं ते गिळलं.

"उद्या कुणाची पाळी?" तिनं विचारलं.

"कापशीची."

"मग मिरीला मी कामावर नेते. टोपलीत घालून."

पोरीनं विचार केला. "तिथे खूप मशिनी असतील."

"आहेत."

"तुला भीती वाटेल."

"वाटेल ना," मामी म्हणाली. "तू सुटेपर्यंत वाटेल."

पोरीनं पुन्हा एकदा तुटलेल्या मुठीकडे बघितलं. मामी पुन्हा पाण्यातच बसली होती. पोरीनं मिरीला दप्तरातून काढलं, मामीच्या ओल्या मांडीवर ठेवलं, मामीचे दोन्ही हात धरून तिच्याभोवती नीट लावले, आणि एकदाही मागे न बघता टॉवेल आणायला आत गेली.