पाळणाघराचं कुलूप

खट्ट.

एवढाच माझा आवाज आहे, मित्रांनो. दुपारी जेवणं आटोपून घर निजलेलं असतं आणि कुणीतरी हळूच कपाटाला किल्ली लावतं, तेव्हा तो तुम्ही ऐकला असेल. मी मुठीएवढं पितळी कुलूप आहे. जुना झालोय. अंगाला हिरवट कळा आली आहे, किल्ली हरवून वर्षं लोटली. एरवी कुलपाजवळ सांगण्यासारखं फार नसतं, कारण त्याने जन्मभर एकच दार पाहिलेलं असतं. पण माझं दार जरा वेगळं होतं.

माझा जन्म अलिगढच्या एका बोळात झाला. माझ्या पोटातल्या पट्ट्या घासायला घरोघरी वाटल्या जात. त्या ज्या बाईच्या वाट्याला आल्या, ती एका हाताने कानस चालवायची आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या लेकराला थोपटायची. मला वाटलं, जगात सगळीकडे काम असंच होत असेल, लेकरू जवळ ठेवून. ही समजूत पुढे चुकीची निघाली.

खोक्यात बसून मी पांढरकवड्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. साल २०१७, पोळा नुकताच होऊन गेला होता. एक दिवस अनंतराव नावाचे गृहस्थ आले. त्यांनी भिंतीला द्यायच्या गुलाबी रंगाचा डबा घेतला, पंखा घेतला, खाली अंथरायची जाड चटई घेतली. लोखंडी पाळणा मिळेल का, असंही विचारलं. दुकानदार म्हणाला, "काय साहेब, घरी गोड बातमी?"

"घरी नाही हो, जिनिंगमध्ये," अनंतराव हसले. "नवा कायदा आला."

सगळ्यात शेवटी त्यांनी मला घेतलं.

अनंतराव केळापूरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगचे मॅनेजर होते. जिनिंग म्हणजे जिथे कापसातली सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात तो कारखाना. कायद्याने सांगितलं होतं, की जिथे पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथे लेकरांसाठी पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं. म्हणून गेटला बाहेरून लागून असलेली एक खोली गुलाबी रंगवली. भिंतीवर बदक काढलं, फुगे काढले, फुग्यांत अ आ इ ई लिहिलं. दारावर पाटी लागली: 'पाळणाघर. वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ६.' नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाला. मग सगळे गेले आणि मला दाराला लावलं.

आपल्याकडे घरोघरी पाहुण्यांच्या कपबशा असतात ना, काचेच्या कपाटात ठेवलेल्या? घरच्यांनी स्टीलच्या पेल्यात चहा प्यायचा आणि त्या कपबशांवरची फक्त धूळ पुसायची. ती खोली तशी झाली. मी मात्र तेव्हा खूश होतो. अनंतराव जाता-येता मला एकदा ओढून बघत आणि म्हणत, "पक्कं आहे." कुलपाला याहून मोठी शाबासकी कोणती?

त्या साली बोंडअळीने कपाशीची उभी पऱ्हाटी खाल्ली. वरून बोंड हिरवंगार, आत गुलाबी अळी आणि कुजका कापूस. एरवी दसऱ्यापासून बाया वेचणीला जातात. लेकरू तुरीच्या सावलीत झोळीत निजवतात, रडलं की जाऊन पाजतात. त्या साली वावरात वेचायलाच काही नव्हतं. म्हणून बाया जिनिंगला आल्या. कापूस मशीनपाशी न्यायचा आणि त्यातला पाला, सुतळ्या, केस वेचून काढायचे, हे त्यांचं काम. आत धूळ इतकी, की बाया डोळ्यांपर्यंत पदर बांधत. लेकरांना गेटच्या आत घेत नसत. एका अर्थी बरोबरच होतं ते. पण मग लेकरांनी जायचं कुठे?

निकिता त्यांच्यातलीच एक. अंगावर सव्वा महिन्याचा पियूष होता. सव्वा महिना झाला की आपल्याकडे बाळंतीण विहिरीची पूजा करते आणि घरात हिंडू-फिरू लागते. निकिता पूजा करून दुसऱ्या दिवशी जिनिंगला आली. मुकादमाला तिने रजेचं विचारलं होतं. त्याने सांगितलं, ठेक्यावरच्या बाईला कसली रजा, ती गेली की तिच्या जागी दुसरी येते.

मग घरी पियूषला सांभाळायचं कुणी? तर नयनने. नयन निकिताची थोरली, तिसरीत शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीत तिने पियूषला सांभाळलं, आणि शाळा उघडली तरी तीच सांभाळत राहिली. रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्याला कडेवर घेऊन गावातून चालत यायची. मग निकिता माझ्याच पायरीवर, बंद दाराला पाठ टेकून त्याला पाजायची. पदरातली धूळ झटकली तरी त्याला शिंका यायच्या.

तेवढ्या वेळात नयन पाटी वाचायची. पाळ-णा-घर. स-का-ळी आठ ते सा-यं-का-ळी सहा. मग खिडकीच्या गजांना धरून फुग्यांतली अक्षरं वाचायची. रोज तेच. ती वाचायची आणि मी ऐकायचो. पुस्तक घरी होतं, पण घरी पियूष होता.

तुम्ही विचाराल, नयनचा बाप कुठे होता? घरीच. चार एकरांतली पऱ्हाटी उपटून झाली होती, हाताला काम नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. पण बायको कामाला गेली आणि आपण लेकरू आंदुळत बसलो, तर लोक हसतील, या धाकाने सकाळीच घराबाहेर पडायचा आणि पारावर जाऊन बसायचा. लेकराकडे तुम्ही पाहा, असं निकिताने एकदा म्हणून पाहिलं होतं. त्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

एक दिवस निकिता धीर करून अनंतरावांसमोर उभी राहिली. नेमकी माझ्यासमोर, म्हणून मला शब्दन्‌शब्द आठवतो.

"साहेब, खोली उघडून द्या नं. पोट्टीची शाळा बुडून राह्यली."

अनंतराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. समजुतीच्या आवाजात म्हणाले, की खोली उघडली तर आया ठेवावी लागेल, दूध ठेवावं लागेल, एखादं पोर पडलं-झडलं तर त्यांच्या गळ्यात येईल. आणि यंदा कापूस कुठे आहे? अर्धी मशीन बंद आहेत. "पुढच्या सीझनले पाहू, निकिता."

निकिता गेली. जाताना तिचा हात मला लागला. तिने काही मला ओढलं नाही, नुसता हात ठेवला. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या पक्केपणाची लाज वाटली, मित्रांनो.

संक्रांतीच्या आधी बातमी आली, की युरोपातून कापूस घेणाऱ्या कंपनीची बाई येणार. तिला गाठी तर बघायच्या होत्याच, पण काम करणाऱ्या बायांना कसं वागवतात तेही बघायचं होतं. अनंतरावांनी बायांना गोळा केलं. ज्यांची लहान लेकरं आहेत त्यांनी बुधवारी न्हाऊ-माखू घालून आणायची, असं सांगितलं.

लालीबाई म्हणून एक वयस्क बाई होती, तिची जीभ फार तिखट. ती म्हणाली, "माही लेकरं मोठी झाली, साहेब. शेळीची पिल्लं आणू का? तीही गुणाची आहेत."

बाया हसल्या. अनंतरावही हसले. मग हसू थांबल्यावर हळूच म्हणाले, "ही ऑर्डर हातची गेली तं संक्रांतीनंतर मशीन बंद. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही पाहा." त्यानंतर कुणी हसलं नाही.

बुधवारी सकाळी मला काढलं. दार सताड उघडलं, पंखा फिरला. सहा लेकरं आत आली, काजळ-तीट लावलेली. पियूष पाळण्यात निजला. आयुष्यात पहिल्यांदाच असं गाढ निजला असेल. नयन भिंतीपाशी गेली आणि फुग्यांवरून बोट फिरवू लागली. इतके दिवस गजांतून पाहिलेली अक्षरं तिच्या हाताला लागत होती. मी कोयंड्यात उघडा लटकून हे पाहत होतो. मला वाटलं, आपण कुलूप नसून दाराला लावलेला दागिना आहोत.

ती बाई आली. उंच, साधी, कापसात केस जाऊ नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधलेली. बरोबर नागपूरची शाल्मली होती, तिचं बोलणं मराठीत सांगायला. बाई मांडी घालून चटईवर बसली आणि म्हणाली, मलाही सव्वा वर्षाचं मूल आहे. तिच्या देशात मूल झालं की आई-बाप दोघांना मिळून वर्षाहून जास्त पगारी रजा मिळते. त्यातली काही रजा फक्त बापाची असते. त्याने नाही घेतली तर ती वाया जाते, आईलाही देता येत नाही. आत्ता तिचा नवरा रजा घेऊन घरी मुलाला भरवत होता.

बाया ऐकत राहिल्या. लालीबाईने शाल्मलीला विचारलं, "मंग लोक हसत नाहीत त्याले?"

शाल्मलीने विचारून सांगितलं, नाही, रजा घेतली नाही तरच हसतात.

"आमचे नवरे तं बारा महिने रजेवरच आहेत," लालीबाई म्हणाली. "पण लेकरू घेत नाहीत."

शाल्मलीला हसू आवरेना. ते तिने बाईला सांगितलं की नाही, देव जाणे. मग बाईने वही उघडली आणि समोर बसलेल्या निकिताकडे पाहून विचारलं, की ही खोली रोज उघडी असते का?

मित्रांनो, मी तिथेच लटकत होतो. मला तोंड असतं, तर. पण नव्हतं. निकिताने अनंतरावांकडे पाहिलं नाही. तिने लालीबाईकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बायांकडे. घरी वावर रिकामं असलेल्या सगळ्या बाया. तिने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि म्हणाली, "हो. रोज उघडते."

बाईने लिहून घेतलं. मग नयनच्या डोक्यावरून हात फिरवून तिने काहीतरी विचारलं. शाल्मली म्हणाली, "त्या विचारतायत, तू शाळेत नाही गेलीस का आज?"

नयनने तोंड उघडलंच होतं. निकिता घाईने म्हणाली, "आज सुट्टी आहे."

फोटो निघाले. गाडी गेली. ऑर्डर टिकली, मशीन होळीपर्यंत चालली. बायांच्या चुली पेटल्या, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. त्या बाईनेही वाईट काही केलं नाही. तिने विचारलं, तिला सांगितलं गेलं. कायदाही चांगलाच होता. पण कायद्यावर पाटी लावता येते आणि पाटीखाली कुलूपही, हे मी स्वतः लटकून पाहिलंय.

पुढचा सीझन आला, पण 'पाहू' म्हणालेल्या अनंतरावांनी काही पाहिलं नाही. खोलीत रिकाम्या पोत्यांचं बारदान भरलं. पाळणा कुणाच्या तरी घरी गेला. पाटीवरचा रंग उडाला. आता 'घर' तेवढं वाचता येतं. पावसाळ्यात एकदा किल्ली हरवली, तीही कुणी शोधली नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा, टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. लेकरांच्या खोलीचं कुलूप गंजलं तर गंजू द्या, मित्रांनो. फोडलं तरी चालेल. तुमच्या गावात, कारखान्यात, हापिसात अशी एखादी खोली असेल, तर दाराला लागलेलं कुलूप पक्कं आहे का हे बघू नका. आत कुणी निजलंय का, ते बघा. आणि घरी लेकरू रडत असेल तर ते उचलून घेणारा हात आईचाच हवा, असं काही नसतं.

पण बुधवारचं शेवटचं सांगायचं राहिलं.

गाडी गेल्यावर अनंतरावांनी पंखा बंद केला. निजलेल्या पियूषला निकिताने पाळण्यातून उचललं, तसा तो दचकून रडायला लागला. दार ओढलं गेलं, मला लावलं गेलं. अनंतराव म्हणाले, "छान बोललीस हो," आणि निघून गेले. आत मशीन सुरू झाली होती, मुकादम हाका मारत होता. निकिताने पियूषला नयनच्या कडेवर दिलं, तिच्या झग्याची गुंडी लावली, आणि संध्याकाळपर्यंत त्याला काय पाजायचं ते सांगू लागली.

नयनचं लक्ष नव्हतं. केव्हाचं काहीतरी तिच्या मनात घोळत होतं, आणि तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता.

"आई," ती म्हणाली, "आज सुट्टी आहे म्हणलं नं तू. मंग उद्या मले शाळा आहे का?"