वरचा वॉल्व्ह

"मॅडम, तळमजला बंद करू ना? नेहमीसारखा?" गच्चीवर वॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून क्लेमेंट प्लंबरने विचारलं.

टँकर आला नव्हता. टाकीत हातभर पाणी उरलेलं. गोखिवऱ्यातल्या या इमारतीचा नियम ठरलेला. पाणी कमी पडलं की तळमजल्यावरच्या पॅकिंगवाल्यांचे संडास बंद, वर साहेबांच्या केबिनींतले चालू. मग खालच्या बायका दिवसभर पाणीच पीत नसत. याला साहेब लोक पाणी मॅनेज करणं म्हणत.

इमारतीची देखभाल विनिताकडे होती. आज सकाळी पॅकिंगच्या मंदामावशी जिन्यातच चक्कर येऊन बसल्या. विनिताने बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "नको पोरी. टँकर नाही, आता संडास बंद व्हनार. पानी पिऊन जाऊ कुठं?"

"खालचा चालू ठेव," विनिता म्हणाली. "वरचा बंद कर."

"साहेबांचा? तुमचं इथलं अन्नपाणी उठलं समजा."

"उठू दे. फिरव."

तिने गच्चीला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली.

थोड्याच वेळात अ‍ॅडमिनचे निमिष सर तणतणत खाली तिच्या टेबलापाशी आले. "विनिता, वर पाणी नाहीये. काय चाललंय?"

"मी बंद केलंय, सर."

"आगीच्या टाकीतलं सोड मग."

"आणि आग लागली तर? थुंकून विझवायची?"

"मग खालचं बंद कर ना. त्या बायकांना सवय आहे."

"सवय तुम्ही लावलीत. एक दिवस तुम्हीही लावून घ्या."

सरांचा चेहरा लाल झाला. "चावी दे."

"ड्युटी सुटल्यावर देईन."

"तुझ्या एजन्सीला फोन करतोय मी."

"करा."

त्यांनी केला. दुपारी एजन्सीचा तिला फोन आला, उद्यापासून या साइटवर येऊ नका. तिने "बरं" म्हटलं. विनवलं नाही. पुढ्यातल्या खिडकीतून तिला तळमजल्याचा बोळ दिसत होता. हमालांच्या मागे निमिष सर संडासाच्या रांगेत उभे होते. कुणीही बाजूला सरकत नव्हतं.

संध्याकाळी तिने गेटवर वॉचमन स्टॅनीच्या टेबलावर चाव्या ठेवल्या. जाताना प्रत्येकाची पिशवी तपासायची इथली रीत. स्टॅनीने मान खाली घातली.

"तुमची नको, मॅडम. जा तुम्ही."

"का? रोज बघतोस ना?"

तिने चेन ओढून पिशवी त्याच्यासमोर उघडी धरली. डबा, छत्री, कंगवा. स्टॅनी बघेपर्यंत ती हलली नाही.