जुन्या आवृत्तीतला जोतीराम

उचगावच्या रक्तदाता मंडळाचा संगणक अनेकांत नावाचा कार्यकर्ता सांभाळायचा. दात्यांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये असायची, त्याची नवी आवृत्ती त्यानं गेल्या वर्षी टाकली. पण प्रमाणपत्रं छापायचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीशिवाय चालेना, म्हणून तीही तशीच ठेवली. लागेल तेव्हा सुरू करायची, एरवी बंद. नव्या आवृत्तीत माहिती नेताना वारलेल्या दात्यांची नावं मात्र त्यानं गाळली होती.

त्या दिवशी सकाळी लाईट गेली आणि आली. संगणक पुन्हा चालू होताना जुनी आवृत्ती आपोआप आधी सुरू झाली आणि नवीची जागा अडवून बसली. पडद्यावर फरक काहीच दिसला नाही. एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं होतं. मंडळाचे फोन सांभाळणाऱ्या क्रांतीनं यादीतलं नाव बघून मलकापूरला फोन लावला.

"जोतीराम आहेत का? रक्त द्यायला येतील का म्हणून विचारायचं होतं."

"जोतीराम माझा ल्योक," पलीकडून बाईचा आवाज आला. "त्याला जाऊन दोन वरसं झाली की, बाई."

क्रांतीनं फोनवर हात ठेवून शेजारी बसलेल्या अनेकांतला ते सांगितलं. काय घडलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं फोन घेतला. "मावशी, चूक माझी आहे. जुनी यादी उघडली गेली. माफ करा."

जोतीरामच्या आई, चिमणाबाई, म्हणाल्या, "त्यो रगत द्यायचा? मला कधी बोलला न्हाय. काय लिवलंय त्याचं?"

अनेकांतनं वाचून दाखवलं. कुठलं शिबिर, कधी. एकदा अपघातातल्या पोरासाठी भर पावसात मोटारसायकलवरून आलेला. त्या "व्हय, व्हय" करत ऐकत राहिल्या.

बाळंतिणीला दुसरा दाता मिळाला. पण असा फोन पुन्हा कुणाच्या घरी जायला नको, म्हणून प्रमाणपत्रांची दुसरी सोय लावून अनेकांतनं त्याच संध्याकाळी जुनी आवृत्ती माहितीसकट काढून टाकली.

पुढच्या आठवड्यात चिमणाबाईंचा फोन आला. "पावणं, परत एकडाव वाचा की. ह्येंनी ऐकलं न्हाय. स्पीकर लावलाय."

अपघातातल्या पोरासाठीची ती खेप आणि आणखी आठवलं तेवढं अनेकांतनं सांगितलं. गावं, तारखा राहिल्या. "बाकीचं आता नाही, मावशी. मी पुसून टाकलं."

मग जोतीरामच्या वडलांनी, आकारामनी, हळूच विचारलं, "त्यो पोरगा जगला का?"

ते कुठल्याच आवृत्तीत कधी लिहिलेलं नव्हतं.