गादीचा गुण

"टाळ्या! अजून जोरात, आयांनो! रगत पळालं पायजे!"

काष्टीच्या पेठेत, खताच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत डझनभर म्हाताऱ्या जीव खाऊन टाळ्या पिटत होत्या. उभा जिना चढून धापा टाकत आलेल्या. टाळ्या थांबल्या की लगेच दंडाला पट्टा, आणि माईकवरून प्रेशरचा आकडा जाहीर. एकशे सत्तर! एकशे अठ्ठ्याहत्तर! बाया घाबरून देवाचं नाव घ्यायच्या. मग तापत्या गादीवर झोपायचं, वर दुलई, डोक्यावर लाल दिवा. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टा. एकशे अडतीस! की झाला जयजयकार.

"गोळीनं नुस्तं दाबतंय, शेकानं मुळापासनं जातंय," माईकवरची सुकन्या सांगायची. "नसा म्हंजी थिजल्यालं तूप. ऊब लागली का इतळलं! आन मेंदूचं दार उघडतंय ते येगळंच."

त्या दाराचाही पुरावा होता. ताटात अडकित्ता, जायफळ, कुलूप, बटण असल्या वस्तू मांडायच्या, क्षणभर दाखवून झाकायच्या आणि आठवायला सांगायचं. शेकाआधी चार आठवायच्या, शेकानंतर आठ-नऊ. बायडाबाई तर नऊ आठवल्यावर रडलीच. "माझ्या सुनंला बोलवा," म्हणाली, "मला येडी म्हंती ती!"

गाद्या विकणाऱ्या कंपनीची ही सुकन्या म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, छबूबाईंची भाची. छबूबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आईविना पोर. आक्कांनी तिला लहानपणापासून सांभाळली, शाळेत घातली. मीच तिथे शिक्षिका होते, माझ्याच वर्गात बसायची. पुढे आपल्या दारात मांडव घालून आक्कांनी तिचं लग्न लावलं. तेव्हा गादीची चौकशी आक्का कशाला करतील? सुकन्या सांगतेय म्हटल्यावर संपलंच.

एका सकाळी आक्कांच्या हातातून चहाची बशी सुटली. तोंड एका बाजूला ओढलं, शब्द बोबडे झाले. नगरला पोचेपर्यंत सगळं ताळ्यावरही आलं, पण डॉक्टरांनी मलाच झापलं. "ही पुढच्या झटक्याची सूचना आहे. प्रेशरची गोळी बंद केली का?" छे हो, रोज घेतात, मी छातीठोकपणे सांगितलं. घरी येऊन भाकरीसाठी बाजरीच्या डब्यात हात घातला, तर तळाशी गोळ्यांच्या पाकिटांची चळत. एकही फोडलेलं नाही.

"आक्का, हे काय?"

"सुकन्या म्हनली, गोळी आन शेक एकत्र चालत न्हाई. आन त्या दिशी मला का झालं, ठावं हाय? आदल्या दिशी शेक चुकला म्हनून!"

आता बोला! वर येत्या बाजाराला दुभती म्हैस विकून तसली गादी घरीच आणायचा बेत. मी ओरडले, रडले, माझी शपथ घातली. गोळी काही तोंडात जाईना. "माझी पोर मला खोटं सांगायची न्हाई," एवढंच पालुपद. पुढचा झटका कधी येईल याचा नेम नव्हता. म्हटलं, बघूच ही गादी काय करते.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांबरोबर गेले.

"बाई, तुमी पन झोपा की," सुकन्या म्हणाली.

"नको गं, मी बसते कोपऱ्यात."

टाळ्या, पट्टा, ताट सगळं उरकून बाया आडव्या झाल्या, डोळे मिटले. तेवढ्यात सुकन्याला फोन आला आणि ती जिन्यात गेली. गाद्यांच्या सगळ्या वायरी माझ्या खुर्चीमागच्या बोर्डात होत्या. गाद्या तापायच्या आतच मी बटण बंद केलं. लाल दिवे वेगळ्या वायरीवर, ते जळत राहिले. मग ताटातल्या वस्तू काढून माझ्या पिशवीतल्या मांडल्या. सुई, खडू, चष्म्याचं घर, असलंच काहीबाही. वर कापड पूर्ववत.

अर्ध्या तासाने पट्टा बांधला. आक्कांचं एकशे बहात्तरवरून एकशे चाळीस!

"आज तर लई गुन आला," बायडाबाई घाम पुसत म्हणाली. चैत्राचं ऊन, वर तापलेला पत्रा आणि अंगावर दुलई. घाम येईल नाही तर काय!

आता ताट. सुकन्याने कापड उचललं आणि तिचा चेहराच उतरला, पण बाया तोवर बघायला लागल्या होत्या. झाकल्यावर बायडाबाईला तीन वस्तू आठवल्या, वर ताटात नसलेला अडकित्ता.

मी उठले. "मेंदूचं दार आज बंद कसं झालं गं, सुकन्या? बायांनो, गादीला हात लावून बघा."

गाद्या गारेगार होत्या. मी बोर्ड दाखवला.

"जिना चढून, टाळ्या पिटून, वर हिचा आकडा ऐकून घाबरलात, तर प्रेशर चढणारच. निवांत पडलात की उतरणार. घरच्या बाजेवरही उतरेल! आणि ताटात शेकाआधी नि शेकानंतर त्याच वस्तू. पुन्हा पुन्हा बघितलं की पाठ होतं. शाळेत पाढे कसे पाठ करायचो?"

एकच गलका झाला. सुकन्या कशीबशी म्हणाली, "आमाला कंपनीनं असंच शिकिवलं, बाई."

आक्का गादीच्या कडेला बसून होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या सासूबाईलाबी पिरेशर हाय ना गं? त्या कंच्या गादीवर झोपत्यात?"

सुकन्या ताटावर पुन्हा कापड ओढू लागली.

"त्यास्नी डॉक्टरची गोळी चालू हाय, मावशी."

"कोन देतं?"

"मीच देते. रोज सकाळी."

आक्कांनी चपला पायात सरकवल्या, जिन्याशी जाऊन कठडा धरला आणि वळल्या.

"आन मला बंद कर म्हनलीस व्हय गं?"

सुकन्या रडायला लागली. माझ्या मनात तिच्याबद्दल तेव्हाही दया आली नाही, आजही येत नाही.

घरी आल्यावर आक्कांनी स्वतः बाजरीच्या डब्यात हात घातला, पाकीट काढलं आणि माझ्यासमोर गोळी घेतली. म्हैस दावणीलाच राहिली. जेवायला मात्र आक्का दोन दिवस बसल्या नाहीत.

आयाबायांनो, शेक वाईट नाही. उबेने नसा सैलावतात, प्रेशर थोडा वेळ उतरतंही, आणि त्याचा म्हातारपणी मेंदूला काही उपयोग होतो का, याचा अभ्यास जाणती माणसं करताहेत. करू द्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करायची नाही. प्रेशर मोजायचं ते पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून. आणि कुणी चमत्काराचा इलाज घेऊन आलं, मग ते आपल्या हातावर वाढलेलं लेकरू का असेना, त्याला आधी विचारा: तुझ्या घरच्या माणसाला तू काय देतोस?

आक्कांनी हे विचारलं, पण फार उशिरा विचारलं. तुम्ही जिना चढायच्या आधीच विचारा.