पाचवी बरणी

सांडूने चौथी बरणी पुसली, झाकण घट्ट असल्याची खात्री केली आणि पाचवीवर हात ठेवून तो थांबला. आज तिच्यात बघायची मुभा होती. त्याची त्यानेच दिलेली.

मेडिकल कॉलेजच्या या संग्रहालयात तो बावीस वर्षं शिपाई होता. फडताळात ओळीने नऊ बरण्या, प्रत्येकीत औषधी पाण्यात ठेवलेलं एक न जन्मलेलं लेकरू, पोटातल्या बाळाचे नऊ महिने. त्याच्या लेकीला, दीपमालाला, दिवस गेल्यापासून त्याने नेम धरला होता. तिचा जो महिना, तिथपर्यंतच बघायचं. पुढच्या बरण्या मान फिरवून पुसायच्या. दोनदा तिची कूस चौथ्यातच रिकामी झाली होती. पोरीच्या पुढे बापाची नजर धावायला नको.

काल पाचवा लागला.

सांडू वाकला. इवलाली नखं! भुवयांच्या जागी लव! त्याचं काळीज सुपाएवढं झालं. त्याने तिथूनच बिडकीनला लेकीला फोन लावला.

"दीपे, नखं आली बघ त्याला! भुवया बी फुटल्या!"

"तुमाला कसं कळतंय, बाबा?"

"इथं डॉक्टर लोक लई हायेत. इचारतो की."

"पन ते हलत नाय आजूक. शेजारच्या मालनबाई म्हनत्या, आता कळाया पायजे."

सांडू पुन्हा बरणीवर वाकला. नखं, बोटं, पापण्या, सगळं त्याला तोंडपाठ होतं. हलण्याचं मात्र बरण्यांनी त्याला काहीच शिकवलं नव्हतं.

"हलंल," तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात फोनमध्ये टँकरचा कर्कश भोंगा वाजला. दुष्काळाचं साल, लेकीच्या नव्या वसाहतीत घरं येऊन पोचली होती, पाणी नव्हतं पोचलं. हंडे आदळले, बायका ओरडल्या. आणि दीपमाला एकदम गप्प झाली.

"दीपे? काय झालं? दीपे!"

"बाबा... हललं! भोंग्यानं दचकलं वो! आतून टिचकी मारल्यावानी... थांबा... परत मारली!"

"व्हय? खरंच?"

"तुमची शपथ!"

सांडू मोठ्यांदा हसला. हसता हसता त्याने फडताळावर थाप मारली, तशी नऊच्या नऊ बरण्या किणकिणल्या. त्याने चटकन जीभ चावली.

"बाबा, हसता हसता गप का झाले?"

"थांब, भाईर येऊन बोलतो," तो अगदी हळू म्हणाला. "इथं बाकीची लेकरं हायेत."

आणि पायातल्या चपला हातात घेऊन तो दाराकडे निघाला.